चुन्याने काढलेला तांडा

“मॅडम, ते पुसा.”

शाळा समितीच्या अध्यक्षांनी बोट नाही दाखवलं. बुटाचं टोक दाखवलं.

पटांगणात चुन्याच्या फक्कीने मी गावाचा नकाशा काढला होता. चौथीचा भूगोल मी असाच शिकवते. आधी उत्तर दिशा. मग आर्णी रोड, नाला, मंदिर, ग्रामपंचायत, घरं. शेवटी मी म्हणते, “जा, आपापल्या घरी.” पोरं धावत सुटतात आणि नकाशात आपल्या घराच्या जागी उभी राहतात. हा त्यांचा सगळ्यात आवडता तास.

नाल्यापलीकडे मी तांडा काढला होता. बंजाऱ्यांची बावीस घरं, बावीस चौकोन. वर्गातली सहा पोरं त्यांत उभी होती.

“तांडा कायले काढला?” अध्यक्ष म्हणाले. “गावाचा नकाशा हाये न हा? उद्या तपासणीचे साहेब येऊन राह्यले पाहाले.”

“भाऊ, तांडा याच गावात येतो.”

ते हसले. मीही दिग्रसकडच्या तांड्यावरची, हे त्यांना माहीत होतं. “तुमचे लोकं फिरस्ते, मॅडम. बैलावर सामान लादलं का निघाले. फिरस्त्याले नकाशात कायची जागा?”

बंजाऱ्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य देशभर पोचवलं, हे इतिहासाच्या तासाला मी अभिमानाने शिकवते. तोच इतिहास अध्यक्षांनी माझ्या तोंडावर फेकला. पोरांसमोर. मतदानाच्या दिवशी यांच्या जीपला तांडा नकाशाशिवाय सापडतो, हे माझ्या जिभेवर होतं. हेडसरांकडे पाहिलं.

“वाद कायले वाढवता मॅडम?” हेडसर म्हणाले. “पुसा न.”

मी पुसलं.

चप्पल घासत, एकेक चौकोन. पोरं मागे मागे सरकत गेली. पायल तेवढी हलली नाही. मी तिच्या घरापाशी आले, तेव्हा तिने विचारलं, “मॅडम, मंग मी कुठी उभी राहू?”

बारा वर्षं भूगोल शिकवते मी. एका पोरीला तिचं घर कुठे ते मला सांगता येईना.

“कंपाउंडजवळ थांब,” म्हणाले. ती गेली. बाकीची पाचही तिच्यामागे गेली. तिथून ती गावातल्या पोरांकडे बघत राहिली.

घरी येऊन चप्पल धुतली. लाज वाटत होती, आणि रागही येत होता, पण निम्मा राग माझ्यावरच होता. डी.एड.ला असताना कोणी गाव विचारलं, की मी ‘दिग्रस’ सांगायची. तांडा गिळून टाकायची. नोकरी लागल्यावरही तेच. अध्यक्षांनी एकदा पुसायला लावलं. मी तर वर्षानुवर्षं कोणी न सांगता पुसत आले होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. फक्कीची पाटी उचलली. या वेळी मंदिरापासून सुरुवात केली नाही, नाल्यापलीकडून केली. बावीस चौकोन. मग गाव.

साहेब आले. अध्यक्ष सोबत होते.

“मॅडम, काल सांगतलं होतं न तुमाले?”

“सांगितलं होतं. आज पुसणार नाही.”

साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली. “गावातलं वातावरण बिघडवू नका,” एवढंच म्हणाले, आणि अध्यक्ष, हेडसर यांच्याबरोबर चहाला गेले.

मी पोरांकडे वळले. “जा, आपापल्या घरी.”

गावातली पोरं धावली. तांड्याची सहा जागची हलली नाहीत. कंपाउंडलाच चिकटून. मी पुन्हा म्हणाले. तेव्हा पायल पुढे आली. चौकोनाच्या अलीकडेच थांबली.

“मॅडम, परत पुसान तर नाही न?”

“नाही.”

तिने माझ्या चपलेकडे पाहिलं. मग आत पाय ठेवला. बाकीची पाच आली नाहीत. अजूनही येत नाहीत. तास सुरू झाला की न सांगता कंपाउंडजवळ जाऊन उभी राहतात. त्यांना मी काय सांगू? त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आठवड्याभरात शिक्षण विभागाने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी एक ओळ लिहून दिली. तांडा गावात आहे. खाली सही, आणि सहीखाली माझ्या तांड्याचं नाव. बदली होणार म्हणतात. होऊ द्या. चुना सगळ्या शाळांत मिळतो. जाईन तिथे पहिली रेघ तांड्यापासून ओढीन. आणि ती पुसायला माझा पाय कोणाला मिळणार नाही.