आंटींनी सोडलेल्या गाठी

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात घर घेतलं तेव्हा समुद्र फार लांब राहिला, ही चुटपुट मला लागून राहिली होती. म्हणून ऑफिसमधली एक मैत्रीण जेव्हा म्हणाली, "आमच्या पॅडलिंग क्लबला एकदा येऊन तर बघ," तेव्हा मी लगेच गेले. पुढे तीच यायची बंद झाली. मी मात्र राहिले.

आमच्या होड्या लांबलचक आणि अरुंद, एकामागे एक सहा जणांनी बसायच्या. डाव्या बाजूला दोन आडव्या दांड्यांवर एक तरंगता ओंडका बांधलेला असतो. त्याला आमा म्हणतात. आमा आहे म्हणून होडी उलटत नाही. रविवारी सकाळी होडी पाण्यात घालण्याआधी तो दोरीने बांधायचा आणि परत आल्यावर सोडून ठेवायचा, अशी आमच्याकडची पद्धत.

मी ते बांधणं शिकले. बोटं सोलवटून घेतली, घरी बाल्कनीच्या कठड्यावर सराव केला. पहिल्यांदा माझी गाठ पक्की बसली त्या दिवशी मी खूश होऊन बाजूला झाले, तेवढ्यात आंटी आल्या. काही न बोलता त्यांनी माझी सगळी बांधणी सोडली आणि पुन्हा स्वतः बांधली.

आंटी म्हणजे क्लब सुरू करणाऱ्या बाई. जन्म पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा, उभं आयुष्य सिडनीत गेलेलं. सत्तरी ओलांडली तरी होडीच्या शेवटच्या जागेवर बसून दिशा देणाऱ्या त्याच. डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही, पण आवाज सगळ्या खाडीला ऐकू जायचा.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई माझ्याच गाठी का सोडते? मी इथे एकटीच भारतीय होते. घरी येऊन मी धुसफुसत हे सांगितलं, तर नवरा म्हणाला, "सोडून दे तो क्लब. गिरावीनला बॅडमिंटन आहे." मला न्यायला आलेल्या मुलीने मात्र एकदा सगळं पाहिलं होतं. फोनमधून मान वर न करता ती म्हणाली, "मम, शी डझ इट टू एव्हरीवन."

मग मी नीट बघायला लागले. खरंच होतं. आंटी सगळ्यांच्याच गाठी सोडत होत्या, अगदी प्रेसिडेंटच्यासुद्धा. आणि त्यांचं झालं की होडीत बसण्याआधी प्रत्येक जण वाकून दोरी ओढून बघायचा. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझा एक संशय गेला, दुसरा आला. इतकं कशाला? मी सेक्रेटरीला विचारलं.

"सेफ्टी, मेट," तो म्हणाला. पण म्हणताना त्याची नजर खाडीच्या पलीकडे गेली. तिथे दुसऱ्या क्लबची लाल पत्र्याची शेड होती. स्पर्धांमध्ये ते आमच्या शेजारच्याच लेनमध्ये असायचे आणि आमच्यातलं कोणी त्यांना हॅलोसुद्धा म्हणायचं नाही.

त्याच वर्षी क्लबचा वाढदिवस थाटात साजरा करायचं ठरलं. "तू लिहितेस ना काहीबाही तुमच्या भाषेत? मग क्लबच्या इतिहासावर तूच बोल," असं सेक्रेटरीने मला सांगितलं. मला माहीत असलेला इतिहास एका वाक्यात संपत होता: समुद्राची आवड असलेले काही मित्र एकत्र आले. मी जुन्या लोकांना विचारत सुटले, पहिली होडी कुठून आली? एक जण म्हणाला क्वीन्सलँडहून. दुसरी म्हणाली कोणीतरी भेट दिली. तिसऱ्याला नेमकी तेव्हाच गाडी हलवायची आठवण झाली. शेवटी मी आंटींनाच गाठलं.

"लिही की, मित्र एकत्र आले," त्या म्हणाल्या.

"पण होडी?"

"होडी होती," असं म्हणून त्या पाय झटकत शेडमध्ये निघून गेल्या.

मला खात्रीच पटली, होडी चोरीची आहे. एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, मी गाडी काढून खाडीला वळसा घातला आणि त्या लाल शेडपाशी गेले. बाहेर एक उंच, वाळकासा म्हातारा गोरा माणूस उलट्या ठेवलेल्या होडीला पॉलिशपेपरने घासत होता. माझ्या अंगावरचा क्लबचा टी-शर्ट बघून त्याचा हात थांबला.

"तिने पाठवलं?"

"कोणी?"

"माझ्या बायकोने. म्हणजे, तेव्हाच्या."

मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेच. मग त्याने घासता घासता सगळं सांगितलं. हा लाल शेडचा क्लब मुळात त्या दोघांनी मिळून काढलेला. लग्न मोडलं तेव्हा आंटी म्हणाल्या, घर तू ठेव, होडी मला दे. क्लबातले काही जण त्यांच्याबरोबर निघाले. होडी घेऊन जायच्या सकाळी आमा त्याने स्वतः बांधला, शेवटचं काम म्हणून. होडी खाडीच्या मध्यावर गेली आणि दोरी सुटली. आमा निखळला, होडी उलटली. सगळे वाचले, पण आंटींचा खांदा निखळला तो पुन्हा धड झाला नाही.

"तिला वाटतं, मी मुद्दाम केलं."

"केलं होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने पेपर खाली ठेवला. "इतक्या वर्षांत असं तोंडावर कोणी विचारलं नाही. मुद्दाम नाही केलं. पण बांधताना मी रडत होतो. गाठ नीट बसली होती का, ते मला आठवत नाही. आठवायला गेलो की माझा माझ्यावरच भरवसा राहत नाही."

"हे त्यांना कधी सांगितलं नाही?"

"ती ऐकून घेईल असं वाटतं तुला?"

परतीच्या वाटेवर माझं काही ठरेना. नवरा म्हणाला, "तो थापा मारत असेल." असेलही. पण थापाच मारायच्या तर माणूस म्हणेल, मी घट्ट बांधली होती. आठवत नाही असं कोण म्हणेल? पुन्हा वाटायचं, हुशार माणूस हेच म्हणेल.

आंटींना न सांगता भाषण करणं मला जमणारं नव्हतं. पुढच्या रविवारी सगळे गेल्यावर त्या पाइपने वल्ही धूत होत्या, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी नळ बंद केला नाही.

"रडत होता म्हणाला?"

"हो."

"माझ्यासमोर कधी रडला नाही तो." त्यांनी पुढचं वल्हं पाइपखाली धरलं. "हेही नाटक असेल." मग बराच वेळ एकच वल्हं धूत राहिल्या. "भाषणात काय सांगणार आहेस?"

"तुम्ही म्हणाल ते."

"होडी त्यांच्याकडून आली, हे सांग. उलटली, तेही सांग. का उलटली ते सांगू नकोस. ते मला माहीत नाही."

त्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' मी पहिल्यांदाच ऐकत होते. वळून शेडकडे जाताना त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्या क्लबलाही बोलाव."

वाढदिवसाला मी तेवढंच बोलले. सेक्रेटरीचा चेहरा पडला. जुनी माणसं आपापल्या बुटांकडे बघत राहिली. पलीकडच्या क्लबची चार-पाच माणसं आली होती. म्हातारा आपल्या यूटला, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला, टेकून लांबच उभा होता. भाषण संपल्यावर आंटींनी पावात सॉसेज आणि परतलेला कांदा घातला, प्लेट घेतली आणि गवतावरून सरळ त्याच्याकडे गेल्या. लांबून आम्हाला एवढंच दिसलं, की त्या काहीतरी विचारत होत्या आणि तो मान हलवत होता.

भांडी आवरताना मला राहवेना. "काय बोललात?"

"गुडघा कसा आहे विचारलं. ऑपरेशन झालंय त्याचं."

"आणि दोरीचं?"

"तो म्हणाला, आठवत नाही. मी म्हणाले, मला अजून पटत नाही." त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला. "तर म्हणतो, नो वरीज. मूर्ख माणूस."

पुढच्या स्पर्धेला त्यांच्या होड्या आमच्याच किनाऱ्यावर उतरल्या. आंटींनी त्यांना ट्रेलर लावायची जागा दाखवली. दोन्ही क्लबांनी चहा एकाच टेबलावर मांडला. त्या दोघांत त्या दिवशी एक शब्दही झाला नाही. पण तो लंगडत वाळूवर आला, तेव्हा आंटींनी पायाने एक खुर्ची त्याच्या दिशेने सरकवली आणि दुसरीकडे बघत बसल्या.