बिनसीटचा ट्रॅक्टर

२००४ च्या उन्हाळ्यात मी पेनसिल्व्हेनियात मुलाकडे होतो. शेजारचा अमेरिकन म्हातारा आपल्या वडिलांचा बागेचा ट्रॅक्टर दुरुस्त करीत असे. अशा ट्रॅक्टरांना बसायला सीट नंतरच्या काळात आली. या जुन्या यंत्राला दोनच चाके होती, आणि मुठी धरून मागून चालावे लागे. काढलेला प्रत्येक बोल्ट तो पँटला पुसून टोपीत ठेवी.

दर शनिवारी माझा मुलगा त्याला पाने-पक्कड देत उभा राही. मी तीस वर्षे कारखान्यात इंजिने जुळवली. माझ्याजवळ तो असा कधी उभा राहिला नव्हता. ट्रॅक्टरचे इंजिन ठोके चुकवीत होते. दोष मला कुंपणापलीकडूनच कळला, पण मी तीन शनिवार मुद्दाम गप्प बसलो.

चौथ्या शनिवारी म्हातारा कुंपणाशी आला.

"सांगा की आता! तुम्हाला नुसत्या आवाजावरून दोष कळतो, असे तुमचा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला. आणखी किती वाट पाहू?"

"ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट घासा," मी म्हणालो.

इंजिन सुरळीत चालले. माझी जळजळ मात्र शमली नाही. जे मुलाने मला उभ्या आयुष्यात सांगितले नव्हते, ते त्याने या परक्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते.