यात्रेला दिलेल्या बॅटऱ्या

आमच्या मळ्यातल्या घरावर सोलरच्या सहा पाट्या आहेत. पारगावकडून येणाऱ्या रस्त्यावरून त्या लांबून चमकतात, आणि गावातले लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "गुरुजींच्या घरी लाईट जातच नाय." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पाट्या ऊन असेतोवरच वीज देतात. आणि आमच्याकडे बसवलाय तसला इन्व्हर्टर असेल तर बॅटरीशिवाय तो भर दुपारीसुद्धा चालत नाही. घरात वीज राहते ती जिन्याखालच्या चार बॅटऱ्यांमुळे. राहत होती, असं म्हणायला हवं.

हे सगळं केलं ते आईसाठी. चाळीस वर्षं तिनं ओली लाकडं आणि उसाचं पाचट फुंकून स्वयंपाक केला आणि त्या धुरानं तिची छाती खाल्ली. आता तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं, रात्रंदिवस. आमच्या मळ्यात सिंगल फेज कधी जाईल आणि कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. म्हणून पाट्या, म्हणून बॅटऱ्या. बसवताना आळेफाट्याचा मिस्त्री मला दोनदा बजावून गेला होता, "गुरुजी, निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका. पार रिकामी केली तर बॅटरी मरती." मी मान डोलावली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला हे कुणी सांगायला नको होतं.

चैत्रातली आमच्या गावची यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, शर्यत असली की ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं द्यायचं. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा पाण्याचा टँकर, कुणाच्या घरची भांडी. यात्रा कमिटीनं मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं, आणि यात्रा उरकेपर्यंत ती परत मागायची नसते. यंदा ऐनवेळी भाड्याचा जनरेटर बिघडला. गाड्याची वेळ मोजणारं घड्याळ आदल्या वर्षी त्याच जनरेटरच्या झटक्यानं जळालं होतं, त्यामुळे कमिटीला खात्रीची वीज हवी होती. त्यांना आमचं घर आठवलं.

मी सकाळच्या शाळेवरून दुपारी घरी आलो, तर जिन्याखाली नुसत्या वायरी लोंबत होत्या. बायको म्हणाली, "आईंनीच दिल्या. मी नको म्हणत होते." आई खाटेवर बसली होती, नाकात नळी, मशीन लाईटवर चालू. मी ओरडलो. शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं असेल इतका ओरडलो.

"एका दिवसाचा तर सवाल हाय," आई म्हणाली. मग दम घेऊन, "तुझ्या बापाचे बैल पळले त्या घाटात. देवाच्या कामाला मी नाय म्हनू व्हय?"

"तुझ्या श्वासाच्या बॅटऱ्या आहेत त्या!"

"लाईट हाय की आता."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी गाडी काढली आणि घाटाकडे सुटलो. बॅटऱ्या उचलूनच आणायच्या, कमिटीला काय वाटायचं ते वाटो.

घाटाच्या कडेला लिंबाखाली माझ्या चारही बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या. शेजारी माझाच इन्व्हर्टर. त्याच्यावर घड्याळ होतं हे समजू शकत होतो. पण त्याच्यावर भोंगे होते, स्टेजवरचे दोन मोठे पंखे होते, आणि एका लाकडी फळीवर वीस-पंचवीस मोबाईल चार्जिंगला लावलेले. माझ्या आईचा श्वास हे लोक मोबाईलमध्ये भरत होते! मी खाली वाकलो, वायर काढायला हातही घातला.

तेवढ्यात माइकवाल्यानं मला बघितलं. "आलं, आलं! या घाटाला करंट देणारं घर आलं! सोलरवाल्या गुरुजींचं स्वागत करा, राव!" दोघांनी माझे दंड धरले आणि मला स्टेजवर नेलं. डोक्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला. समोर डोंगरउतारापर्यंत माणसंच माणसं, सगळी माझ्याकडे बघत. वडील गेल्यापासून आमच्या घराचं नाव त्या घाटात कुणी घेतलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. एका गाड्याची बारी बघून उठू म्हटलं, मग दुसरी बघितली. घड्याळावर सेकंद पडत होते, भंडारा उडत होता, आणि मी पंख्याच्या वाऱ्यात फेटा सावरत बसलो होतो. त्या पंख्याला वीज कुठून येते हे त्या हजारो माणसांत सगळ्यात चांगलं मला ठाऊक होतं. त्या तासाचा राग मला अजून येतो, आणि तो कमिटीचा नाही.

खिशातून फोन काढला तेव्हा नऊ मिस्ड कॉल होते. भोंग्याच्या आवाजात एकही ऐकू आला नव्हता. लाईट गेली होती. बायकोनं अडीअडचणीला ठेवलेला छोटा सिलिंडर लावला, तो संपत आला तसं शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये आईला घालून मंचरचा दवाखाना गाठला. मी तिथं पोचलो तेव्हा आईचे ओठ निळे होते. डॉक्टरनं माझ्या फेट्याकडे बघितलं. तो काढायचं मला सुचलं नव्हतं.

पाच दिवसांनी आई घरी आली. बॅटऱ्याही आल्या होत्या, पार रिकाम्या करून. आणणारा म्हणाला, "चार्ज केल्या की व्हत्याल, भाऊ." झाल्या नाहीत. मिस्त्री आला, मीटर लावला आणि तो परत पिशवीत टाकला. आता त्या जेमतेम दहा मिनिटं टिकतात. नव्या सांगितल्यात, त्या यायच्या आहेत. तोवर लाईट गेली की छोटा सिलिंडर, आणि तोही जपून, बारीक सोडायचा. आईनं तेवढ्या वेळापुरतं बोलणं सोडून दिलंय. वाक्य अर्धं झालं असेल तर अर्ध्यावर थांबते, गुडघ्यांवर हात टेकते आणि लाईट यायची वाट बघते.

मागच्या आठवड्यात अशीच लाईट गेलेली असताना कमिटीतला एक जण आला. हातात काचेची फ्रेम. सन्मानपत्र. आमच्या घरानं यात्रेला अखंड वीज पुरवल्याबद्दल, गावाच्या वतीनं आभार.

माझा ताबा सुटला. "अखंड? ही बघ अखंड! बघ हिच्याकडं! चल, नीघ इथून, ती फ्रेम घे आणि नीघ!"

तो भांबावला. "गुरुजी, आमाला काय म्हाईत व्हतं? तुमीच तर स्टेजवर बसला व्हता." मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

आईनं हात वर केला. तिनं डोळे मिटले, खांदे वर ओढले, छातीत होती नव्हती तेवढी हवा गोळा केली. मला वाटलं, आता माझ्या बाजूनं एक शब्द बोलेल.

"पावण्याला," ती म्हणाली. थांबली. पुन्हा खांदे ओढले. "च्या टाक."

मी चहा टाकला. तो खाटेसमोरच्या खुर्चीवर बसला, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारून मारून निवांत प्याला. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती.