पापलेटाची बोली आणि मुंबईला न आलेला मामा

"मामाला आणायला निघालेय," असं मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. मामाचा कॅन्सर आता बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवू, आपण काहीतरी केलं असं तरी वाटेल, हा माझा विचार. "त्यांना विचारलंस का?" नवरा म्हणाला. मी त्याला टायरची हवा बघायला पाठवलं.

गाडीत मागची सीट पाडून गादी घातली. माणगावला अडकणं गृहीतच धरा, तिथेच वडापाव खाऊन घ्या. पुढे म्हसळ्याहून वळणावळणाचा रस्ता थेट बोर्ली पंचतनला येतो. तिथल्या बाजारात मामासाठी सफरचंदं घेतली. ती शेवटी शेजारच्या शेळीने खाल्ली.

कोळीवाड्यात मामाच्या ओटीवर ही गर्दी! ती बघून मी गाडीतच हंबरडा फोडला.

"अगो, रडतेस कशाला?" शेजारची चंद्रीमावशी धावत आली. "मामा हाय की! लिलाव चाललाय."

मामा आयुष्यभर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. म्हणून आजारपणातही मासळीतला त्याचा वाटा दारात येतो. त्याला दोन घासही जात नाहीत, तेव्हा तो खाटेवर उशीला टेकून वाट्याचा लिलाव करतो. बोली पैशांत नाही, सेवेत. जो जिंकेल त्याची मामाजवळ बसायची पाळी. बोर्लीहून स्कूटीवर येणाऱ्या नर्सताईंनी या सगळ्यांना कूस बदलणं, अंग पुसणं, वेळेवर वेदनेचं औषध देणं शिकवलंय. पूर्वी जरा दुखलं की जीप करून हॉस्पिटल गाठायचे, ते आता बंद झालंय.

"पापलेट! बोला!" मामा.

"उद्याची सकाळ!"

"सकाळ अन् दुपार!"

घासाघीस दिसली की मला राहवत नाही. "चार दिवस!" मी ओरडले.

"दिलं!" मामाने खाटेवर थाप मारली. "चार दिवस ही माझी. आता मुंबई न्हाय."

नवरा गादी गाडीतून काढू लागला, तेही शीळ घालत. मी फसले होते आणि पापलेट मात्र झकास होतं.

दुसऱ्या दुपारी मामाला जोराची कळ आली. मी गाडीची चावी शोधू लागले. त्याने माझं मनगट धरलं. "पोरी, नळ्या लावून नको गं मरू देऊस. हितंच राहू दे."

मी चावी ठेवली आणि नर्सताईंना फोन लावला. अशा वेळी द्यायचा जादा डोस डॉक्टरांनी आधीच ठरवून दिला होता. तो कसा द्यायचा हे सांगत सांगतच त्या निघाल्या. हळूहळू कळ उतरली.

"कालवण कसं झालंय?" मामाने डोळे उघडून विचारलं.

"खारट."

"मंग चंद्रीकडं शीक. दिवस हायेत तुझ्याकडं."

मी चार दिवस राहिले. घरी आल्यावर, सोबत दिलेल्या मासळीचा गाडीतला वास काही केल्या जाईना. काही आठवड्यांनी मामा गेला, आपल्याच खाटेवर, चंद्रीमावशीच्या पाळीत. मी खूप रडले, पण त्याला तिथे ठेवल्याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

परवा एसटीने सुक्या बोंबलांचं पार्सल आलं. मी चंद्रीमावशीला फोन केला.

"मामाचा शेवटचा वाटा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी सुकवून ठेवायला सांगितलेलं त्यानं."

"आणि बोली?"

"ती तू कवाच दिलीस, बाय."