वहिनीची रेकॉर्ड

काल माळ्यावर पत्र्याची डबी खुळखुळली आणि पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधला आमचा ग्रामोफोन आठवला. आवडत्या गायकांच्या रेकॉर्डी जमवण्याचा मला नाद होता. वहिनीकडे माहेरून आणलेली एकच होती. माझ्या रेकॉर्डीला दर वेळी नवी सुई लागे, तिच्या रेकॉर्डीला मी बोथट झालेली लावायचो. बोथट सुई रेकॉर्ड खरवडते, हे मला ठाऊक होतं. वर्षभरात तिचं गाणं नुसतं खरखरू लागलं. भाकरी थापता थापता ती हसली, "भावजी, बाईचा घसा लय बसलाय की." मी ताटातून मान वर केली नाही. "जुनी हाय रेकॉर्ड, वैनी." "असू द्या. माझाबी बसलाय चुलीपुढं." तिनं ती पदरानं पुसून ठेवली, पुन्हा कधी लावायला सांगितली नाही. तिच्या गाण्यावर वाचवलेल्या कोऱ्या सुया डबीत तशाच गंजून गेल्या आहेत.