नव्या नळीची पहिली गोळी

माझ्या बहिणीचे, मुग्धाताईचे यजमान, कृष्णा भावोजी, बंदुकीला घाबरतात आणि पोट भरतात ते बंदुकीवरच. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये पंधरा वर्षं लेथवर काढून ते २००३मध्ये ऑकलंडला आले आणि ईस्ट टामाकीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये शिकारीच्या रायफलींच्या नळ्या बदलायला लागले. नळी झिजली की गोळ्या विखुरतात, नवी नीट बसवली की पुन्हा एका जागी लागतात. केसाएवढ्या मापांचं काम, आणि त्यात भावोजींचा हात धरणारा कोणी नव्हता. कामापुरतं लायसन्स त्यांनी काढलं होतं, पण चाप आयुष्यात ओढला नव्हता. नवी नळी बसली की पहिली गोळी मालक झाडायचा. रायफल शिकंज्यात आवळायची, चापाला दोरी बांधायची आणि लांबून ओढायची. तेवढ्या वेळात भावोजी बाहेर जाऊन कानांत बोटं घालून उभे राहायचे. यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं आहे.

२००६च्या एप्रिलमध्ये मालक मुलीच्या लग्नाला सिडनीला गेला. नेमका तोच हरणांच्या माजाचा महिना. नर डोंगरात ओरडत हिंडतात आणि त्यांच्यामागे अख्ख्या देशातले शिकारी. टोकोरोआकडचा हेमी नावाचा एक माओरी शेतकरी शुक्रवारी संध्याकाळी दारात हजर. रविवारी डोंगरात जायचं होतं, रायफल त्याला आजच हवी होती. भावोजी भिडस्त. त्यांनी मापं तपासली, बरोबर आली, आणि पहिली गोळी न झाडता रायफल देऊन टाकली.

शनिवारी सकाळी आठला त्यांचा मला फोन आला.

"श्रीनाथ, गाडी घेऊन वर्कशॉपवर ये. मुग्धाला काही बोलू नकोस."

मी पोहोचलो तेव्हा ते बाहेरच उभे होते. ओठ पांढरे पडलेले. तळहातावर माप घ्यायचं, काडतुसाच्या आकाराचं पोलादी गेज होतं आणि त्याच्या खांद्याला पोलादाची एक चपटी झालेली चिप चिकटलेली होती.

"माप घेताना ही आत होती," ते म्हणाले. "मला वाटलं घर उथळ आहे. म्हणून अजून कापलं."

काडतूस जिथे बसतं त्या पोकळीला ते घर म्हणतात. घर जास्त खोल झालं की काडतूस आत सैल राहतं. गोळी झाडताना ते मागच्या बाजूला फाटू शकतं, आणि तो सगळा जाळ पुढे जायच्या ऐवजी मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. हे त्यांनी मला गाडीत बसता बसता सांगितलं.

हेमीच्या घरचा फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. शनिवारी दुपारपर्यंत नेम जुळवून बघतो, असं तो जाताना म्हणाला होता. मी गाडी हाणत होतो खरा, पण हॅमिल्टन मागे टाकल्यावर माझ्यातला शहाणा माणूस जागा झाला.

"भावोजी, पोलिसांना कळवू. ते बघतील. तुम्ही तोंडानं चूक कबूल केलीत तर नोकरी जाईल, ताईचं आणि तुमचं रेसिडेन्सीचं सगळं त्या नोकरीवरच अडकलंय."

"पोलिसांनाही केला फोन. माणूस मोकळा झाला की पाठवतो म्हणाले. तू गाडी चालव."

पुढे तासभर ते गेज मुठीत घट्ट धरून बसले होते. मला इतकी भीती वाटत होती की मी बडबडत सुटलो होतो.

हेमीची बायको गोठ्याचे बूट धूत होती. "किया ओरा!" तिनं माओरीत नमस्कार केला. "तो आत्ताच वर गेला बघा," असं म्हणून तिनं टेकडीकडे बोट केलं. आम्ही रस्त्यानं गाडी दामटली. रस्ता संपला तिथे कुंपणाचं फाटक होतं. डाव्या हाताला, अगदी जवळ, मातीचा बांध आणि त्यावर निशाणाचा पांढरा कागद. उजव्या हाताला शंभरेक मीटरवर हेमी पालथा पडलेला, गाल दस्त्याला टेकवून.

दोघांनीही बेंबीच्या देठापासून हाका मारल्या. मी हॉर्न दाबून धरला. हेमीच्या कानांवर आवाज अडवणारे जाडजूड मफ होते आणि डोळा दुर्बिणीला. त्याला कागदाखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. धावत त्याच्यापर्यंत जायला अर्धं मिनिट तरी लागलं असतं. त्यानं बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला, म्हणजे काडतूस आत गेलं.

भावोजी फाटकावरून चढले. मला वाटलं ते हेमीकडे पळणार. ते डावीकडे पळाले आणि कागदाच्या पुढ्यात जाऊन, दोन्ही हात वर करून उभे राहिले. डोळे गच्च मिटलेले. मी मात्र फाटकापाशीच होतो. ओरडायचंसुद्धा विसरलो.

काही झालं नाही. हेमीनं मान वर केली, बोल्ट उघडला, काडतूस गवतात पडलं. मग तो जो उठला तो शिव्या देतच धावत आला आणि त्यानं भावोजींची कॉलर धरली.

"माझं बोट चापावर होतं! कळतंय का? बोट चापावर होतं!"

"मी चुकलो," भावोजी इंग्रजीत म्हणाले. "घर जास्त कापलं. माझी चूक." आणि मूठ उघडून त्यांनी गेज पुढे केलं. हेमीनं त्या चिपकडे पाहिलं. मग कॉलर सोडून तो तिथेच मातीत बसला, आणि त्याच्या शेजारी भावोजीही.

सोमवारी त्यांनी परत आणलेली ती रायफल पुन्हा मापली. संध्याकाळी त्यांच्या बॉटनी डाउन्सच्या घरी मी विचारलं, किती निघालं?

"जास्तच होतं. पण पहिल्या गोळीला कदाचित काही झालंही नसतं."

माझं डोकंच फिरलं. "कदाचित? एका कदाचितसाठी तुम्ही बंदुकीसमोर उभे राहिलात?"

"गाल त्याचा टेकलेला होता, श्रीनाथ. माझा असता तर मी घेतला असता चान्स."

ताई चहा घेऊन आली. तिला त्यांनी सगळं सांगितलं होतं, फक्त मी त्या वेळी फाटकापाशीच उभा राहिलो होतो, तेवढं सोडून.