कूलर, माईक आणि माझं एक वाक्य

मे महिन्यात नागपुरात भरदुपारी साहित्यिक कार्यक्रम ठेवावा तो आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयानेच. विषय होता मनात घर करून बसलेली वाक्यं. प्रत्येकाने चार वाचायची: जगण्यावरचं, दयेवरचं, लिहिण्यावरचं आणि भीतीवरचं. थोरामोठ्यांची, अर्थातच. मी तीन थोरांची घेतली आणि भीतीवरचं गुपचूप स्वतःचं घुसवलं.

लग्न असो की वाढदिवस, माईक दिसला की मी सोडत नाही. पण हे प्रकरण वेगळं होतं. थोरांच्या रांगेत आपलं वाक्य टिकतं का, हे मला एकदा बघायचंच होतं. बायकोला माहीत होतं, कारण आठवडाभर मी आंघोळ करताना ते निरनिराळ्या आवाजांत म्हणत होतो.

"कोणी पकडलं नाही, तर तुम्ही पास," ती म्हणाली.

"आणि पकडलं तर?"

"तर मी तुम्हाला ओळखत नाही."

सभागृहात कपाटाएवढा कूलर घरघरत होता. तो आणि माईक एकत्र लावले की फ्यूज उडायचा. मग सभेने हात वर करून मतदान केलं. साहित्य हरलं, कूलर जिंकला. अध्यक्षसुद्धा मंचावरची खुर्ची सोडून कूलरपुढे जाऊन बसले. शेजारच्या गल्लीतल्या काकू तर दारातच मला म्हणाल्या होत्या, "मी तं कूलरसाठी आली गा भाऊ. घरचा बिघडला." आणि त्यांनी पहिल्या रांगेतली, थेट हवेच्या झोतातली खुर्ची पटकावली.

वाचणारा घसा फोडून ओरडायचा. ओठ थांबले की लोक टाळ्या वाजवायचे.

माझी पाळी आली. तीन वाक्यं मी अशी गरजलो, की खिडकीतलं कबूतर उडालं. चौथ्याला मात्र नुसतेच ओठ हलले, आवाज निघालाच नाही. टाळ्या पडल्या. थोरांना पडल्या तेवढ्याच! बायको ओढणीत तोंड लपवून हसत होती. मी पास झालो होतो, आणि माझं वाक्य एकानेही ऐकलं नव्हतं.

"थांब गा!" काकू उठल्या. "तीन वाक्यं तं ओरडून वाचले. आता काहून घाबरून राहिला?" आणि त्यांनी सरळ जाऊन कूलर बंद केला.

"काकू, जीव घेता का आमचा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"एका वाक्यानं मरत नाई कोणी."

मग जागेवर परत न जाता त्या मंचावर चढल्या आणि अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर, माझ्या शेजारी बसल्या. "वाच आता. मी बसली इथं."

मी वाचलं, साध्या आवाजात: "घाबरलेल्या माणसाला धीराच्या गोष्टी सांगू नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा."

कोणी टाळी वाजवली नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आपण बसलेल्या खुर्चीकडे.

"कोणाचं आहे गा हे?"

बायको ओढणीतून बाहेर आली. "आहे एक नागपूरचा," मी म्हणालो.

"मंग नाव काहून नाई सांगितलं त्यानं? भित्रा दिसते!" सगळे हसले. सगळ्यात जोरात माझी बायको. "लावा आता कूलर," काकू म्हणाल्या.

कूलर पुन्हा घरघरू लागला. अजून दोघांचं वाचन बाकी होतं. हवा काही मंचापर्यंत पोचत नव्हती, पण काकू शेवटपर्यंत तिथेच बसून राहिल्या, पदराने वारा घेत. त्यातला थोडा माझ्याकडेही येत होता.